बेंजोवाल्याचा टोन

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं की सरळगाव, टोकावडे अशी गावं मागे पडत जातात. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी या रस्त्यानं गेलात तर वाटेत एखाद्या तरी गावात हळद असतेच. मांडव दिसायच्या आधी बेंजो ऐकू येतो. ढोल-ताशाच्या कल्लोळातही गाण्याची चाल ओळखू येते, ती त्याच्यामुळे. तारेचा, धारदार, थोडा नाकात बोलणारा आवाज. शहापूरकडे आसनगाव, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यातही तेच. अलीकडे डीजेनं बरीच गिऱ्हाइकं पळवली, तरी हळदीची सुपारी बेंजो पार्टीलाच द्यायची असा आग्रह धरणारी घरं अजून आहेत.

अशाच एका हळदीत मी बेंजोवाल्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो होतो. वाद्य लोखंडी स्टँडवर आडवं ठेवलेलं, शेजारी मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, मांडवाच्या खांबाला दोन कर्णे बांधलेले. वाजवायला सुरुवात करण्याआधी त्यानं पाऊण तास घेतला. तारा पिळल्या. नखी बदलली. घोडी केसभर सरकवली. मशीनवरचा ट्रेबल वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. मग ताशावाल्या पोराला मांडवाबाहेर, पार रस्त्यापर्यंत पाठवलं आणि तिथून हातानं खुणा करायला लावल्या. पोरानं हात वर केला तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. मी विचारलं, "दादा, मघाशीच छान वाजत होतं की." मान वर न करता तो म्हणाला, "इथं छान वाजून काय करू? ऐकणारं तिकडं हाय."

जगभरचे इलेक्ट्रिक गिटारवाले ज्याला 'टोनचा शोध' म्हणतात तो हाच पाऊण तास. फरक इतकाच, की त्यांचा शोध कधीकधी जन्मभर चालतो आणि घर विकायला लावतो. १९५९ साली बनलेली गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार आज कोट्यवधी रुपयांना विकली जाते, कारण तिच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेच्या थरथरीची वीज करणाऱ्या भागात, काहीतरी जादू आहे असं लोक मानतात. जुने व्हॉल्व, जुने स्पीकर, जुन्या तारांची भेंडोळी, सगळ्याचा बाजार आहे. या प्रकरणात मला टोनचं विज्ञान सांगायचं आहे आणि ते मी बेंजोवरूनच सांगणार आहे. एक तर ते वाद्य आपल्या अंगणातलं आहे. आणि दुसरं, टोन चांगला की वाईट हे कोण ठरवतं, याचं उत्तर मला गिटारच्या पुस्तकांपेक्षा त्या दादाच्या एका वाक्यात अधिक नेमकं सापडलं.

आधी वाद्याची ओळख. ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. तो बँजो म्हणजे कातड्यानं मढवलेली गोल चकती आणि लांब दांडी, मूळ आफ्रिकेतून गेलेलं वाद्य. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचा जन्म जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली झाला. गोरो मोरिता नावाच्या वादकानं दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव ताइशो-गोतो. बटण दाबलं की खालची पट्टी तारेला पडद्यावर दाबते, तारेची लांबी कमी होते, सूर चढतो. डाव्या हाताला सूर शोधायची मेहनत नाही, बटणावरचा नंबर पाठ असला की झालं. व्यापाराच्या वाटेनं वाद्य हिंदुस्थानात आलं आणि इथलंच होऊन गेलं. बलुचिस्तानात ते मोठं झालं, तिथे त्याला बेंजू म्हणतात. मुंबई-ठाणे-कोकणात ते विजेवर गेलं, रस्त्यावर उतरलं, गोविंदात, गणपतीत आणि वरातीत शिरलं. रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन काढलेला 'बँजो' हा हिंदी चित्रपट याच वाद्यावर आणि ते वाजवणाऱ्या मुंबईच्या पोरांवर आहे.

आडवं वाद्य विजेवर जाणं यात नवल नाही. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहाससुद्धा आडव्या वाद्यापासूनच सुरू होतो. मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची हवाइयन गिटार १९२०च्या दशकात अमेरिकेत फार लोकप्रिय होती, पण तिचं तोंड छताकडे. आवाज वर जायचा, प्रेक्षकांकडे नाही. वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे ती ऐकूच यायची नाही. जॉर्ज बोशाँ या वादकानं त्यावर खटपट केली आणि त्यातून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीची ॲल्युमिनियमची गिटार आली. गोल अंग, लांब दांडा. लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत, आपल्याकडे तवाच म्हणाले असते. तारांभोवती घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक आणि खाली तांब्याच्या तारेची गुंडाळी. गरज होती फक्त मोठ्या आवाजाची. टोन वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. हीच आडवी गिटार पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली आणि व्हॅन शिपले यांच्या हातून फिल्मी गाण्यांच्या धुना घरोघरच्या रेकॉर्डवर वाजू लागल्या.

आता त्या गुंडाळीकडे वळू, कारण टोनची निम्मी भानगड तिथेच आहे.

शेतीपंपाची मोटार जळली की ती उचलून शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारात वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते. तो जळकी तार उपसून टाकतो आणि लाखेसारखं आवरण असलेली नवी तांब्याची तार मोजून वेढे घालत भरतो. पिकअप म्हणजे तेच काम, फक्त फार बारीक तारेनं. गिटारच्या पिकअपमधली तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी, आणि तिचे सात-आठ हजार वेढे. मध्ये चुंबक. वर पोलादी तार ताणलेली. चुंबकामुळे ती तारही थोडी चुंबक बनते. ती थरथरली की गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि गुंडाळीत तेवढ्याच चालीनं वीज उमटते. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेला हा नियम. मोटारीत वीज घातली की गती मिळते, पिकअपमध्ये गती घातली की वीज. मिळते ती मात्र अगदी थोडी, व्होल्टचा काही अंश. म्हणून पुढे मशीन लागतं. आणि म्हणूनच नायलॉनची तार लावली तर असला पिकअप मुका राहतो, चुंबकाला ती दिसतच नाही.

वेढे वाढवले तर आवाज वाढतो, हे कुणीही सांगेल. पण सोबत दुसरीही गोष्ट घडते. वेढे जास्त झाले की गुंडाळी उंच सुरांना, म्हणजे तारेच्या आवाजातल्या चकाकीला, अडवू लागते. आवाज मोठा होतो पण घोगरा, जाडसर. कमी वेढे म्हणजे नाजूक पण लख्ख. पिकअप बनवणारे कारागीर शे-दोनशे वेढ्यांवरून भांडतात ते यासाठी.

पिकअप कुठे बसवला यानंही मोठा फरक पडतो. तार नुसती अख्खी हलत नाही. ती अख्खी हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत हलते, आणि या सगळ्या हालचाली मिळून आपल्याला जो आवाज ऐकू येतो त्याची जात ठरते. तंबोऱ्याच्या एका तारेत गंधार ऐकू येतो तो यातलाच पाचवा. घोडीजवळ पिकअप असेल तर मोठ्या हेलकाव्याचा मूळ सूर तिथे कमी हलतो, वरचे बारीक स्वर तुलनेनं जास्त मिळतात, आवाज पातळ आणि धारदार येतो. मध्याकडे सरकवला तर गोल. नखीचंही तेच. घोडीजवळ छेडलं तर टणत्कार, लांब छेडलं तर गोडवा. बेंजोत तारेवर हात फिरवायला जागाच थोडी, बटणांच्या पेटीपासून घोडीपर्यंतची. पण तेवढ्यातही त्या दादाचा हात अंगठ्याएवढा मागेपुढे सरकत होता. संथ चालीच्या गाण्याला आत, नाचाच्या गाण्याला बाहेर. बटणाचं वाद्य म्हणून बेंजोला हिणवणाऱ्यांनी हा हात एकदा बघावा. हार्मोनियमला १९४० साली रेडिओवरून हद्दपार केलं होतं ते याच हिणवण्यातून, बांधीव सुरांत मींड निघत नाही म्हणून. बेंजोतही मोठी मींड निघत नाही, हे खरंच. पण टोन सुरात नसतो, तो सूर कसा सुटतो त्यात असतो.

काही बेंजोंवर चुंबकाचा पिकअप नसतोच. खोक्याला आतून एक चकती चिकटवलेली असते. दाब पडला की वीज देणारे स्फटिक पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधले, त्या जातीची ही चकती. ती तार ऐकत नाही, लाकूड ऐकते. त्यामुळे वाद्याचा अंगचा आवाज येतो, पण बटणांची खटखटही तितक्याच प्रामाणिकपणे कर्ण्यातून बाहेर पडते. शिवाय कर्णा जवळ असला की त्याचा आवाज लाकडात शिरतो, लाकडाचा पुन्हा कर्ण्यात, आणि सगळ्यांना कानावर हात ठेवायला लावणारी ती शिट्टी सुरू होते. बैठकीत चकती चालेल. हळदीत चुंबकच बरा.

चुंबकाच्या पिकअपला एक जन्मखोड आहे: तो घूं करतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. मांडवातल्या वायरी, ट्यूबलाइटचा चोक, जनरेटर, सगळ्यांभोवती त्या चालीचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि गुंडाळी ते निमूट गोळा करते. शहापूरच्या शेजारी पडघ्याला तर थेट चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून येते. त्या वाहिनीतली वीज एकाच दिशेनं वाहणारी असते, त्यामुळे तिच्यावर हा आळ घेता येत नाही. आळ आपल्या मांडवातल्या वायरमनवरच जातो. एकाच खांबावरून दिवे, मिक्सर, पाण्याची मोटार आणि बेंजो. अर्थिंग नावापुरतं.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्यानं १९५५ साली यावर फार सुंदर तोड काढली. एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. दुसरीचे वेढे उलटे आणि तिचा चुंबकही उलटा. तारेचा आवाज चुंबकामुळे उमटतो, म्हणून उलटा चुंबक आणि उलटे वेढे मिळून तो दोन्ही गुंडाळ्यांत सुलट येतो आणि बेरीज होते. घूं मात्र बाहेरून येते. तिला चुंबकाशी काही घेणंदेणं नाही, तिला फक्त उलटे वेढे दिसतात, म्हणून तिची वजाबाकी होते. यालाच हंबकर म्हणतात. मघाशी सांगितलेल्या १९५९च्या गिटारची कीर्ती त्याच पिकअपची. पण फुकट काहीच मिळत नाही. दोन गुंडाळ्या तारेला दोन जागी ऐकतात, काही उंच स्वर त्या वजाबाकीत सापडतात आणि चकाकी कमी होते. गिटारवाल्यांमध्ये म्हणूनच दोन तट आहेत. मला विचाराल तर बेंजोवर एकेरी गुंडाळीच हवी. ढोल सुरू झाला की घूं कुणाला ऐकू येते? धार मात्र गेली तर बेंजोचा बेंजो राहत नाही.

मशीनकडे येऊ. इथे मला लिओ फेंडर या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. टेलिकास्टर आणि १९५४ची स्ट्रॅटोकास्टर या जगातल्या सर्वांत ओळखीच्या गिटारी त्याच्या. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार वाजवता येत नव्हती त्याला, शेवटपर्यंत. गावातले वादक बिघडलेली मशीनं घेऊन यायचे, काय खटकतं ते सांगायचे, तो ऐकायचा आणि सोल्डरिंग करायचा. तालुक्याच्या बाजारात मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करणारा जो माणूस बेंजो पार्टीचं मशीनही उघडून बसतो, तो त्याच जातकुळीचा. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमच्या दुकानदारानं फेंडरच्याच एका मशीनची नक्कल करून १९६२च्या सुमारास आपलं मशीन काढलं. सुटे भाग तिथे मिळणारे वापरले, त्यानं आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाज म्हणजे रॉक संगीत झालं.

मशीन जेवढी वीज देऊ शकतं त्याहून जास्त मागितली की काय होतं? पायलीनं धान्य मोजताना वर शीग येते. ती हातानं कापली की माप सपाट. मशीनही तेच करतं. आवाजाच्या लाटेची शीग कापली जाते, लाटेचा माथा सपाट होतो, आणि सपाट माथ्याची लाट म्हणजे मूळ स्वरासोबत नव्या उंच स्वरांची गर्दी. आवाज खरखरीत, भरलेला, तापलेला होतो. अभियंत्याच्या लेखी हा दोष. वादकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं. १९५१ साली 'रॉकेट ८८' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला जाताना गिटारवाल्याचं मशीन वाटेत बिघडलं, स्पीकरमध्ये कागद कोंबून तसंच वाजवलं, आणि तो फाटका आवाज लोकांना आवडला. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं तर आपल्या छोट्या मशीनच्या स्पीकरचा कागद मुद्दाम फाडला. वरातीत खालीवर होणाऱ्या गर्दीला पुरे पडावं म्हणून मशीनचा कान पिळला जातो तेव्हा बेंजोला जी खरखर चढते, ती याच घराण्यातली.

याहून गमतीची गोष्ट विजेच्या दाबाची. एडी व्हॅन हेलन या गिटारवाल्याच्या १९७८च्या पहिल्या रेकॉर्डवरचा टोन गिटारच्या जगात दंतकथा झाला आहे. त्यामागची एक युक्ती अशी, की मशीन मिळणाऱ्या दाबावर न चालवता तो व्हेरिॲक नावाच्या यंत्रातून दाब उतरवायचा, अमेरिकेतल्या १२० व्होल्टवरून ९०च्या आसपास. दाब कमी म्हणून शीग लवकर कापली जाते, आवाज मऊ पण तापलेला होतो. आमच्या खेड्यांत संध्याकाळी घरोघर पंखे-दिवे लागले की दाब आपोआप उतरतो. जे मिळवायला एडीला वेगळं यंत्र घ्यावं लागलं ते मुरबाडच्या बेंजोवाल्याला विनामूल्य मिळतं, आणि तो बिचारा शिव्या घालत जनरेटर सुरू करतो.

पुढे कर्णा. गिटारचा बारा इंची स्पीकर मुद्दाम अपुरा असतो. साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट वाजवताच येत नाही, आणि म्हणूनच तापलेल्या गिटारची खरखर त्यातून सुसह्य होते. तीच गिटार घरच्या म्युझिक सिस्टीमला जोडा, गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखं वाटेल. कर्ण्याची अपूर्णता उलट्या बाजूची. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं त्याला जवळजवळ येत नाही. जाडसर आवाज तो गाळतो आणि मधल्या पट्टीचा आवाज एका दिशेला फेकतो. माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, कर्णा नेमका तिथेच जोरकस. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मांडवापासून रस्त्यापर्यंत जाताना हे तीन-चार वेळा घडतं. अशा वेळी गोल, उबदार, महागड्या दुकानात कौतुक होईल असा टोन गर्दीत विरून जातो. टिकतो तो पातळ आणि नाकातला. दादानं पोराला रस्त्यावर का पाठवलं ते आता कळेल. तो कर्ण्यासाठी वाजवत होता, कर्णा अंगणासाठी, आणि अंगण मोजायला पोरगं.

वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागातल्या माणसांना हे ठाऊक होतं. वारल्यांचा तारपा बघा. भोपळ्याचं पोट, बांबूच्या नळ्या, मेणानं सांधलेलं अंग, आणि टोकाला ताडाच्या पानांचा मोठा कर्णा. खालचा सतत धरलेला स्वर आणि वर चाल, दम न तोडता. भोवती अख्खा पाडा गोल धरून नाचतो, त्या गोलाच्या पलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल असाच तो घडवलेला. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तो तारपा जगभर पोहोचला, पण चित्राला आवाज नसतो. प्रत्यक्ष ऐकलात तर पहिल्या क्षणी कर्कश वाटेल. मोकळ्या माळावर दोनशे पावलं लांब जा आणि मग ऐका.

इको राहिला. बेंजो पार्टीचं मशीन इकोशिवाय असूच शकत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. माहुलीच्या कड्यासमोर १७० मीटरवर उभं राहून हाक मारली तर ती एका सेकंदानं परत येते. यंत्राचा इको ०.३ सेकंदांवर लावला की कानाला वाटतं, पन्नासेक मीटरवर कडा उभा आहे. पूर्वी हे काम चुंबकीय फितीवर व्हायचं. रोलंड कंपनीचं १९७४चं 'स्पेस इको' हे त्यातलं नावाजलेलं यंत्र. आता पीटी२३९९ नावाची सोळा पायांची छोटी तैवानी चिप ते करते, खर्च काही रुपयांचा. ती कॅराओकेच्या यंत्रांसाठी बनली. साधारण तृतीयांश सेकंदापलीकडे तिला ताणलं की आवाज मळकट होतो. गंमत म्हणजे परदेशात हातानं बनवलेल्या, दहा-पंधरा हजार रुपयांच्या गिटार पेडलमध्ये हीच चिप असते, आणि त्या मळकटपणाला तिथे 'उबदार' म्हणतात.

वायरीचाही हिशेब ठेवायला हवा. पिकअपपासून मशीनपर्यंतची वायर दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड एवढा धारक बनून उंच स्वर गिळते. दोन-तीन मीटरला काही कळत नाही. वरातीत मशीन टेम्पोवर आणि वादक खाली रस्त्यावर, अशी दहा-बारा मीटर वायर सोडली की धार गेलीच. मग लोक पिकअपला दोष देतात.

आणि तारा. शहापूर-मुरबाडला पाऊस कसा कोसळतो ते मुंबईकरांना सांगायला नको, तानसा, भातसा, मोडकसागर भरल्याची बातमी ते पेपरात वाचतातच. त्या चार महिन्यांत पोलादी तारेवर तांबेरा धरतो. गंजानं तारेचं वजन जागोजागी असमान होतं, मग तिच्यातले स्वर एकमेकांशी सुरात राहत नाहीत आणि आवाज मेल्यासारखा येतो. लग्नसराई पावसाआधी संपते ते एक बरं, पण गोविंदा आणि गणपती ऐन पावसातच येतात. नवी तार हा जगातला सर्वांत स्वस्त टोन आहे. हजारो रुपयांची उपकरणं घेणारे गिटारवाले महिनोन् महिने त्याच गंजक्या तारा वाजवतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

टोनसाठी असं झुरणं आपल्याला परकं नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना तासन् तास हाडाच्या घोडीवर कानस फिरवतात आणि तारेखालचा दोरा केसभर सरकवतात, तेव्हा कुठे ती झणझण उमलते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिताना दाखवलं, की जो स्वर तारेतून नियमानं उमटायला नको तोही या रुंद, उतरत्या घोडीमुळे उमटतो. बेंजोवाला घोडीशी खटपट करतो तेव्हा त्यालाही त्याच झणझणीतला थोडा वाटा हवा असतो.

शेवटी एक गिटार सांगतो, कारण तिची वाट महाराष्ट्राजवळून जाते. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच त्यानं शाळकरी बँड काढला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढे क्वीन बँडमध्ये त्याच्या शेजारी उभा राहिलेल्या ब्रायन मेची गिटार मात्र कुठल्या कंपनीची नव्हती. १९६३ पासून बापलेकानं ती घरी बनवली. दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंग जुन्या मोटारसायकलच्या, पडद्यांवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या. नखीच्या जागी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. त्याच बँडच्या जॉन डीकनला १९७२ साली कचऱ्यात एक सर्किट सापडलं. त्यानं ते जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं, आणि क्वीनच्या रेकॉर्डवर व्हायोलिनसारखे ऐकू येणारे गिटारचे कित्येक थर त्या खोक्यातून निघाले. किन्हवलीच्या एखाद्या बेंजोवाल्याला हे सांगितलं तर तो अजिबात चकित होणार नाही.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ कर्णे बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कुठली वरात पाळते हा प्रश्न वेगळा, आणि आजारी म्हातारं माणूस घरात असलेल्यांना त्यावर हसू येणार नाही. पण दहाला मशीन बंद होतं तेव्हा पुष्कळदा बेंजोवाला लगेच उठत नाही. हात गरम असतो, एखादं गाणं राहिलेलं असतं. तेव्हा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा. मघाशी रस्त्यापर्यंत पोहोचणारं ते वाद्य आता जेमतेम चार हातांवर ऐकू येतं: लाकडाचं खोकं, बटणांची हलकी खटखट, आणि नागोयात वाजलं असेल तसंच काहीतरी.